एक वीत, अकरा फूट

काही वर्षांपूर्वी आम्ही एका पुतळ्याच्या उंचीविषयी मत दिले आणि ते मान्य झाले. आमची मते सहसा मान्य होत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी आम्ही समाधानाने घरी परतलो. राहुरी परिसरातल्या एका शाळेच्या आवारात तिच्या दिवंगत मुख्याध्यापकांचा पुतळा बसवायचा होता. समितीत मराठीचे शिक्षक आम्ही एकटेच; साहित्याच्या माणसाला कलेतले कळते असा गावचा समज असल्याने शेवटचा शब्द आमच्याकडे आला. चौथरा पाच फुटांचा की अकरा फुटांचा, एवढाच प्रश्न होता. आम्ही अकरा म्हणालो. थोर माणूस उंचावर शोभतो, असे काहीसे वाक्यही त्याला जोडले.

त्या वाक्याचे मूळ शोधू लागलो तेव्हा आम्हांला दायमाबाद आठवले. हे गाव आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी आहे. १९७४ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ व त्यात उभा पुरुष, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची ही शिल्पे आम्ही प्रथम पाहिली ती पुस्तकातल्या छायाचित्रात. रथाने अर्धे पान व्यापले होते. भोवती काहीच नव्हते, ना हात, ना टेबल, ना मोजपट्टी. उत्खननाच्या छायाचित्रात वस्तूशेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची मोजपट्टी ठेवण्याची पद्धत असते. पुस्तक छापणाऱ्याला ती अनेकदा कुरूप वाटते आणि तो ती कापून टाकतो. परिणाम असा, की कित्येक वर्षे आम्ही तो रथ आमच्या आजोळच्या बैलगाडीएवढा समजून चाललो होतो.

पुढे केव्हातरी त्याची मापे वाचनात आली. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर, त्यातल्या पुरुषाची उंची १६ सेंटिमीटर. म्हणजे एक वीतसुद्धा नाही! खोटे कशाला सांगावे, आम्हांला फसवले गेल्यासारखे वाटले. ज्या ऐवजावर जिल्ह्याने अभिमान मिरवावा तो खेळण्याएवढा निघावा, याचा रागच आला. लहान म्हणजे कमी, हे आमच्या मनात इतके खोल रुजलेले होते, आणि ‘अकरा फूट’ हा निर्णय त्याच मनाने घेतला होता.

राग ओसरला तो दुसऱ्या एका आकड्याने. या चार शिल्पांचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. ती पोकळ नाहीत, भरीव ओतलेली आहेत. साठ किलो म्हणजे धान्याच्या भरल्या पोत्याहून जड. आणि सारे मावणार एका लहान ट्रंकेत. ओतणाऱ्याने आकारमान लहान ठेवले, पण धातूत काटकसर केली नाही. आणखी एक गंमत अशी, की हत्ती आणि गेंडा यांच्या लांबीत नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्ही पंचवीस सेंटिमीटरच्या आसपास. रानात हत्ती गेंड्याहून बराच मोठा असतो हे त्या कारागिराला ठाऊक नसेल असे नाही. प्राण्यांचे परस्परप्रमाण त्याने सोडून दिले. रथाच्या दांडीवर मात्र एक कुत्रे उभे करायला तो विसरला नाही. हे शिल्प माणसाने वाकून, जवळ जाऊन पाहावे अशाच मापाचे आहे. ते बैलगाडीएवढे असते तर त्या कुत्र्याकडे कोणाचे लक्ष गेले असते?

मोठ्या शिल्पाची गोष्ट वेगळी. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर आपण साहित्याची मंडळी ओळखतो तो त्याच्या पायाशी कोरलेल्या मराठी ओळींमुळे. आद्य मराठी शिलालेख म्हणून त्या पिढ्यान् पिढ्या शिकवल्या गेल्या. तो मान अक्षीच्या शिलालेखाकडे गेला ते पुढे. आम्हीही तो लेख पंचवीस वर्षे शिकवला, पण त्याच्या डोक्यावर ५७ फुटांचा अखंड दगड उभा आहे, याचा विचार वर्गात एकदाही केला नाही. पुस्तकात त्या ओळी इतर मजकुराच्याच टंकात छापलेल्या असतात. प्रत्यक्षात त्या पायांजवळ आहेत आणि मुख आकाशात आहे. ते मुख दुरून, खालून पाहिले जाणार हे गृहीत धरूनच घडवलेले असल्याने उंचीने त्याचे काही हरपत नाही.

राहुरीकरांना याचे प्रत्यंतर घ्यायला कर्नाटकात जाण्याचे कारण नाही. शिर्डीहून शिंगणापूरला निघालेल्या गाड्या आमच्याच गावावरून जातात. एका टोकाला तालीम यांनी घडवलेली, १९५४ मध्ये बसवलेली संगमरवरी बैठी मूर्ती, तिची उंची पाच फूट पाच इंच सांगतात. बसलेला माणूस एवढा उंच नसतो. ती मूर्ती उठून उभी राहिली तर सात फुटांच्या घरात जाईल. तरी समोर उभ्या असलेल्या कोणालाही ती अवाढव्य वाटत नाही, कारण गर्दीतून, काही अंतरावरून पाहताना हुबेहूब माणसाएवढी मूर्ती माणसापेक्षा लहान दिसते. तालीमांनी अंतराचा हिशेब मातीतच करून ठेवला होता. दुसऱ्या टोकाला शिंगणापूरची काळी शिळा. तिला नाक-डोळे नाहीत, वर छप्परही नाही. तिच्यात माणसाचे म्हणावे असे एकच आहे, ते म्हणजे उंची. आमचा कयास असा, की ती गुडघ्याएवढी असती किंवा ताडाएवढी असती तर तिच्यासमोर कोणीतरी उभे आहे ही भावना इतकी तीव्र झाली नसती. श्रद्धाळूंनी हा कयास मनावर घेऊ नये.

आता पुन्हा आमच्या पुतळ्याकडे. त्याचे मातीकाम पाहायला आम्ही शिल्पकाराच्या कार्यशाळेत गेलो होतो. चेहरा आमच्या चेहऱ्यासमोर होता. सर अंगाने लहानखुरे. मुलाशी बोलताना किंचित वाकत, आणि तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडत. शिल्पकाराने त्या सुरकुत्या धरल्या होत्या. आम्ही सगळे गप्प झालो, मग पुतळा मंजूर केला आणि त्याच सुरकुत्या अकरा फुटांवर चढवल्या. आज आवारातून दिसतात ते बुटांचे तळ, हनुवटीची खालची बाजू आणि नाकपुड्या. वाकलेले सर आता खालच्यांवर नजर ठेवून असल्यासारखे भासतात. अनावरणानंतर सरांच्या पत्नींना खुर्ची दिली होती. त्या उठून चौथऱ्याजवळ गेल्या, मान वर करून पाहत राहिल्या, आणि आम्हांला हळूच म्हणाल्या, “भाऊ, हे कधी असे उभे राहत नव्हते हो.”

रोदँच्या ‘कॅलेच्या नागरिकां’ची कथा आम्ही नंतर वाचली, आधी वाचली असती तर बरे झाले असते. गावासाठी जीव द्यायला निघालेल्या सहा जणांचा तो समूह रस्त्यातल्या माणसांमध्ये, जवळजवळ जमिनीवर असावा, अशी त्याची कल्पना. तसे नसेल तर मग खूप उंच, आकाशाच्या पार्श्वभूमीवर. हे दोन्ही पर्याय त्याने तोलले होते. मधला पर्याय लोकांनी निवडला. १८९५ मध्ये शिल्प उंच चौथऱ्यावर, कठड्याच्या आत बसले. १९२४ मध्ये ते नगरभवनासमोर, ठेंगण्या बैठकीवर आले. रोदँ १९१७ मध्येच गेला होता.

अकरा फूट हे तसलेच मधले माप. हात पोचत नाही आणि आकाशही लागत नाही. जयंतीला हार घालण्यासाठी शिपाई शिडी आणतो. तो वर चढतो, बाकीचे खालून टाळ्या वाजवतात. गेल्या महिन्यात आम्ही समितीला पत्र दिले आहे, की चौथरा अडीच फुटांवर आणावा; गवंड्याचा खर्च आम्ही सोसू. उत्तर तोंडी आले: एकदा वर बसवलेला माणूस खाली आणला तर गावात काय अर्थ काढतील? त्या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही. पत्र मात्र आम्ही मागे घेतलेले नाही.