तीन इंच

रिटायर झाल्यावर मी माथेरानची गाडी सुरू करायचं ठरवलं. टेबलावर, अर्थात! मधुचंद्राला आम्ही त्याच गाडीनं गेलो होतो.

दुकानदारानं विचारलं, "स्केल कोणतं? गेज कोणतं?"

मला वाटलं, दोन्ही एकच. तसं नसतं म्हणे. स्केल म्हणजे गाडी, डोंगर, माकडं, सगळं किती पट लहान करायचं ते. गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. १९०७ साली सुरू झालेल्या माथेरानच्या गाडीचं गेज दोन फूट. फुटाला ४ मिलिमीटर या हिशेबानं रुळांत ८ मिलिमीटर हवेत. तयार मिळतात ९चे, तेही मुळात अधिक बारक्या स्केलच्या मोठ्या गाड्यांसाठी केलेले. म्हणजे माझं माथेरान दोन फूट तीन इंचांचं!

त्या एका मिलिमीटरनं माझी झोप उडाली. शेवटी हिला सांगितलं. तांदूळ निवडता निवडता ही म्हणाली, "तेव्हा डब्यात तीन इंचसुद्धा जागा सोडली नव्हती तुम्ही. आता चाळीस वर्षांनी पडली, तर एवढं काय मनाला लावून घेता?"

मी मुकाट्यानं ९चे रूळ आणले. डब्यातली दोन माणसं मात्र अगदी खेटून बसवली आहेत. फेविकॉल लावून!