पोलिसांच्या वहीतला ‘तो’

परंड्याचा इतिहास म्हटला की लोक किल्ल्याकडे बोट दाखवतात, फार तर इथून विजापूरला गेलेल्या मुलूखमैदान तोफेचे नाव घेतात. वर्गात मीही तेच शिकवतो. पण निजामाच्या राजवटीतला एक कायदा काढला की मागच्या बाकावरची मुलेही ताठ बसतात. फसली १३२९चा, म्हणजे १९१९च्या सुमाराचा. परंडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. संशय असलेल्या हिजड्यांची, त्यांच्या मालमत्तेची नोंदवही ठेवायची. वहीतली व्यक्ती बायकी कपड्यांत, दागिन्यांत रस्त्यावर दिसली किंवा नाचली-गायली, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. रोख हैदराबाद शहरावर होता, पण हवा तिथे कायदा लावायची मुभा सरकारने राखून ठेवली होती. इंग्रजांच्या १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचीच ही नक्कल. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने निजामाचा हा कायदा रद्द केला २०२३च्या जुलैत!

आमची पंचाईत अशी, की या माणसांचा माग बहुतेक अशाच कागदांतून लागतो. पकडले म्हणून नोंद झाली. नोंद करणारा शिपाई ‘पुरुष’ लिहून मोकळा होतो आणि शंभर वर्षांनी आम्ही अभ्यासक ते निमूटपणे उतरवून घेतो.

मुरादाबादच्या खैरातीचा खटला घ्या. बायकांमध्ये बसून, बायकांच्या पोशाखात गाणे म्हटले, एवढ्यावरून अटक, मग वैद्यकीय तपासणी, अनैसर्गिक संभोगाचे कलम ३७७ आणि शिक्षा. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने सुटका केली, कारण गुन्हा कधी, कुठे, कोणाबरोबर घडला हेच आरोपात नव्हते. सोडतानाही न्यायमूर्ती स्ट्रेट यांनी असले प्रकार रोखण्याच्या अधिकाऱ्यांच्या इच्छेची वाखाणणी केली.

आता खैराती गात होता की गात होती? मराठीत क्रियापदच हिशेब मागते. ‘आजची ओळख जुन्या माणसावर लादू नका’ असे चर्चासत्रांत हमखास ऐकवले जाते. अर्धे मला पटते. खैरातीला मी ट्रान्सजेंडर म्हणणार नाही. पण ‘तो’ तरी कुठे तटस्थ आहे? तो पोलिसांचा शब्द. खैरातीचा स्वतःचा शब्द मिळत नाही, तेव्हा मी ‘खैरातीने गाणे म्हटले’ असे लिहितो. कर्त्याला ‘ने’ लावला की क्रियापद गाण्यामागे जाते. पळवाट आहे, कबूल.

जिथे आयुष्यच साक्ष देते तिथे पळवाटही नको. लष्करी डॉक्टर जेम्स बॅरी तरुणपणापासून मरेपर्यंत पुरुष म्हणून वावरले. १८६५ साली ते वारल्यावर शरीराचा बोभाटा झाला आणि कित्येक चरित्रकारांनी त्यांची बाई करून टाकली. हा मला उर्मटपणा वाटतो.

जिवंत व्यक्तीची तर गोष्टच वेगळी, तिला विचारता येते. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीला महिलांच्या जागेवर अर्ज भरला. तृतीयपंथी म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने तो बाद केला. परंड्याचे खटलेही ज्या खंडपीठापुढे जातात त्या औरंगाबाद खंडपीठाने २ जानेवारी २०२१ रोजी, आपली ओळख ठरवण्याचा हक्क त्यांचाच, असे सांगून अर्ज स्वीकारायला लावला. अंजली निवडूनही आल्या. मात्र त्या निकालात एक हमी नोंदलेली आहे: यापुढे सोयीसाठी पुन्हा पुरुष म्हणवून घेणार नाही. गावातल्या दुसऱ्या कुठल्याही महिला उमेदवाराला अशी हमी द्यावी लागली नव्हती.