घंटेच्या आधी

मुंबई, १५ एप्रिल

प्रिय बाळू,

अग्निशमन दलात तुझी निवड झाल्याचं मावशीने फोनवर सांगितलं आणि सांगता सांगता रडायला लागली. तिच्याशी मी सावकाश बोलेन. तुला मात्र लिहूनच कळवतो, कारण प्रशिक्षण सुरू झालं की संध्याकाळी तुला ताटावरसुद्धा झोप येईल.

‘आत जाताना भीती वाटते का?’ असं विचारलंयस. वाटते. ती आवरायची तयारी सकाळीच करून ठेवावी लागते. पाळी बदलून हजेरी झाली की आधी बंब तपासायचा. टाकी भरलेली आहे का, पंप चालू केल्यावर दाब किती येतो, होजची कपलिंगं घट्ट बसतात का, होजच्या तोंडाची ब्रँच अडकत नाही ना. मग बी. ए. सेट, म्हणजे श्वसनयंत्र. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये साधारण ३०० बार दाबाने हवा भरलेली असते. आधीच्या पाळीने पाहिलाय म्हणून सोडू नकोस, काटा आपल्या डोळ्यांनी बघ. कागदावर ती हवा अर्धा-पाऊण तास पुरते. पण अंगात जाड कोट, खांद्यावर पाण्याने भरलेला होज आणि समोर चार मजले असले की माणूस धापा टाकतो आणि हवा बघता बघता संपते. दाब ५०-५५ बारवर उतरला की शिट्टी वाजते. शिट्टी झाली की बाहेर. मग आत काहीही राहिलेलं असो. जोडीदारालाही घेऊनच बाहेर यायचं.

सिनेमात आगीत सगळं पिवळंजर्द, लख्ख दिसतं. खरी आग काळी असते. धुरात आपला हात आपल्याला दिसत नाही. तापलेली हवा वर साठते म्हणून गुडघ्यांवर रांगायचं, एक हात भिंतीला ठेवायचा आणि ती भिंत सोडायची नाही. परत यायची वाट तीच. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून पाहायची. लहान मुलं पलंगाखाली, कपाटामागे, मोरीत जाऊन बसतात, तिथे चाचपायचं. हे सगळं तुला धुराच्या खोलीत पुन्हा पुन्हा करायला लावतील. कंटाळू नकोस. खऱ्या जागी विचार करायला सवड नसते, अंगात मुरलेलं तेवढंच कामी येतं.

माझ्या पहिल्या वर्षातली एक वर्दी, म्हणजे मदतीचं बोलावणं, सांगतो. जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात आग लागली होती. आग मोठी नव्हती, पण धूर सगळ्या घरात कोंडला होता. रांगत रांगत आतल्या खोलीचं दार सापडलं. ते बंद होतं आणि खालच्या फटीत ओली चादर कोंबलेली होती. आत एक आजी दोन नातवंडांना घेऊन उघड्या खिडकीपाशी बसल्या होत्या. तिघंही ठणठणीत. आजींनी दार लावलं, फट बुजवली, खिडकी उघडली आणि हाका मारल्या. आम्ही पोचायच्या आधी मुलांना त्यांनीच वाचवलं होतं. याउलट, डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ जण गेले. त्यातले बरेच जण स्वच्छतागृहात आसऱ्याला गेले होते आणि तिथे धुराने गुदमरले. धूर अडवणारं दार आणि हवा देणारी खिडकी, दोन्ही लागतात. शाळेत हे शिकवत का नाहीत याचं मला खरंच दुःख होतं.

रोज आगी लागतात असं समजू नकोस. पावसाळ्यात कोसळलेली झाडं, अडकलेली लिफ्ट, गॅसची गळती, रस्त्यावर सांडलेलं तेल आणि संक्रांतीच्या दिवसांत मांज्यात लटकलेल्या घारी. नवी पोरं पक्ष्यांच्या वर्दीला नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. तीच शिडी, तीच उंची, पडलास तर तेवढाच खाली.

घरचं म्हणशील तर तुझ्या वहिनीला आता वर्दीच्या घंटेची सवय झालीय. आम्ही केंद्राच्याच क्वार्टर्समध्ये राहतो. घंटा झाली की ती खिडकीत येत नाही, गॅस बारीक करते आणि वरण पुन्हा गरम करायला ठेवायचं ध्यानात ठेवते. सणाला आपण घरी नसणार हे लग्नाआधीच सांगून टाक.

काल १४ एप्रिल होता. १९४४ साली याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. दारूगोळा इंग्लंडहून भरून आलेला, त्यावर कराचीला कापसाच्या गाठी चढवलेल्या. आपले लोक दुपारपासून पाणी मारत होते. चारनंतर जहाज फुटलं, थोड्या वेळाने पुन्हा स्फोट झाला. दलाचे ६६ जण गेले. देशभरचा अग्निशमन सेवा दिन त्यांच्यासाठी असतो. मानवंदनेला उभं राहिलं की माझ्या मनात दर वेळी हेच येतं, की कापूस आणि दारूगोळा एका जहाजात भरायचं ठरवणारे त्या धक्क्यावर नव्हते. ९ मे २०१५ ला काळबादेवीत गोकुळ निवास ही जुनी इमारत आगीत कोसळली. त्या दुर्घटनेत सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे आपले चार अधिकारी गेले. नेसरीकर साहेब तर दलाचे प्रमुख होते. हुकूम देऊन मागे थांबणारे ते नव्हते.

आपली अर्धी लढाई घंटा व्हायच्या आधीच जिंकलेली किंवा हरलेली असते, बाळू. बंब गल्लीच्या तोंडाशी येतो आणि दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात. जिन्यात जुनी कपाटं, सायकली, रद्दी. गच्चीला कुलूप आणि किल्ली गावाला गेलेल्या माणसाकडे. इमारतीची अग्निसुरक्षा सांभाळणं ही मालकाची आणि रहिवाशांची जबाबदारी आहे, असं महाराष्ट्राचा २००६ चा कायदा सांगतो. लोकांना ते आपल्यालाच समजावून सांगावं लागतं, घरोघर जाऊन, न चिडता.

तेव्हा रुजू व्हायच्या आधी एवढं कर. तुमच्या इमारतीचा जिना तळापासून गच्चीपर्यंत चढून बघ. वाटेत जे सामान असेल ते शेजाऱ्यांना हात जोडून हलवायला लाव. दुसऱ्या मजल्यावरचं ते लाकडी कपाट मावशीचंच आहे, तिथून सुरुवात कर. आणि गच्चीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे असते ते मला कळव.

तुझा,
दादा