कसाऱ्याच्या फलाटावर

घरातील ज्येष्ठांसाठी सहल ठरविताना आपण बहुधा देवस्थान नाही तर एखादे हॉटेल निवडतो. देवस्थानी पायऱ्या आणि रांगा, हॉटेलात गोंगाट. अशा वेळी सहल इतरांचीच होते. आजी-आजोबा केवळ सोबत नेले जातात. शहापूर-मुरबाड परिसरातील कुटुंबांना म्हणून एक साधे ठिकाण सुचवावेसे वाटते. गाड्या पाहण्यासाठी कसाऱ्याला जा.

गाड्यांची वर्दळ म्हटली की कल्याण जंक्शन आठवते. मुंबईहून येणारा लोहमार्ग तेथे दुभंगतो. एक फाटा कसाऱ्याकडे, दुसरा कर्जतकडे जातो. मुरबाडच्या जुन्या पिढीचा रेल्वेप्रवास तर कल्याणपासूनच सुरू होई. परंतु तेथील गर्दीत थकलेल्या पावलांना उभे राहणे कठीण. कसारा त्या मानाने निवांत. शहापूरकरांनी आसनगावला लोकल पकडावी; मुरबाडकरांनाही शहापूरमार्गे तेथे येता येते. सकाळची गर्दी मुंबईच्या दिशेने असते, त्यामुळे उलट जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता अधिक.

कसाऱ्याला पाहण्यासारखे काय आहे? येथे थळ घाट सुरू होतो. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ मध्ये आली आणि घाट चढून इगतपुरीला १८६५ मध्ये पोहोचली. हा चढ दर ३७ मीटरला एक मीटर इतका तीव्र आहे. म्हणून मुंबईहून आलेल्या अनेक गाड्या येथे थांबतात आणि त्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडली जातात. त्यांना बँकर म्हणतात. इंजिन हळूहळू येऊन डब्याला टेकते, जोडणी होते, शिट्ट्यांची देवाणघेवाण होते आणि गाडी घाटाकडे निघते. दोन्ही टोकांना इंजिने असलेल्या राजधानीला, तसेच वंदे भारतला मात्र हा आधार लागत नाही.

नातवंडांना हे सांगण्याचे काम आपण आजोबांकडे सोपवावे. या घाटात पूर्वी चालणारी, ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखली जाणारी विजेची इंजिने त्यांनी कदाचित पाहिलीही असतील. घरात ज्यांना दिवसभर सूचनाच ऐकाव्या लागतात, त्यांना येथे सांगणाऱ्याची जागा परत मिळते. या सहलीचा खरा लाभ तोच.

स्मरणशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तीला मात्र “आठवते का?” असे विचारू नये. तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि उत्तर न सुचल्यास मन खट्टू होते. त्याऐवजी “नाशिकला जाताना डब्यात काय न्यायचे?” असा सहज धागा पुढे करावा. उत्तर आले तर ऐकावे, चुकले तरी दुरुस्त करू नये, आणि आलेच नाही तर सोबत गाडी पाहावी. शांत बसून पाहणे हाही सहवासच आहे.

थोडी तयारी अवश्य करावी. हिवाळ्यातील, सुट्टीचा नसलेला दिवस निवडावा. पाणी, वेळेची औषधे, टोपी व हलका खाऊ जवळ ठेवावा. मधुमेह असल्यास जेवणाची वेळ चुकवू नये. पोहोचताच स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवावे. जिना चढणे झेपत नसेल तर पूल टाळता येईल असा फलाट निवडावा. विसरभोळ्या व्यक्तीच्या खिशात नाव व घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. पिवळ्या रेषेपासून बरेच मागे, सावलीतील बाकावर बसावे. न थांबणाऱ्या गाडीचा आवाज मोठा असतो, तेव्हा ती येत असल्याचे आधीच सांगावे. रस्त्याने येणाऱ्यांनी फलाट तिकीट काढावे. ते दोन तास चालते.

तेवढा वेळ पुरेसा असतो. सांभाळणाऱ्या व्यक्तीनेही त्यातला अर्धा तास इतरांवर सोपवून स्वतःचा चहा शांतपणे घ्यावा. आणि दुसऱ्याच गाडीनंतर आजी “चला घरी” म्हणाल्या, तर आग्रह न करता निघावे. सहल किती लांबवायची, हे ज्यांच्यासाठी ती काढली त्यांनीच ठरवावे.