लढाईतला तास

देऊळगाव राजात बालाजी मंदिराजवळच्या गल्लीत एक गुरुजी पत्रिका करायचे. शाळेच्या सुट्टीत त्यांची आकडेमोड मी लिहून द्यायचो. भविष्यावर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. पण आज वेबसाइटी बनवून पोट भरतो, आणि तारीख-वेळेबद्दल मला जे नीट कळतं ते त्यांच्या ओसरीवरचं आहे.

कुणी मुलाची जन्मवेळ घेऊन आलं की गुरुजी विचारत, ‘‘वेळ सांगितली, गाव कोण सांगेल?’’ आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं. देऊळगाव ७६ अंशांच्या आसपास. अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य सुमारे २६ मिनिटं मागे. ती वजाबाकी माझ्याकडे. म्हातारं माणूस आलं की पुढचा प्रश्न, ‘‘लढाईतला जन्म का?’’ १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात सरकारनं घड्याळं तासभर पुढे केली होती. तो तास आधी काढायचा, मग बाकीचं गणित. मुंबईचा जन्म निघाला तर गुरुजी कपाळाला हात लावत, कारण तिथे १९५५पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालत असे.

पुढे नोकरीत जगभरच्या वेळांचा डेटाबेस उघडून पाहिला. ‘आशिया/कोलकाता’च्या नोंदीत लढाईतला तो तास होता! शेजारी बसलेल्या कुणालाच त्याचं कारण माहीत नव्हतं.

जन्मतारखेचा घोळ तर आमच्या धंद्यात नित्याचा. जावास्क्रिप्टला नुसती ‘१९९०-०६-१५’ अशी तारीख दिली की ती ग्रीनिचची मध्यरात्र धरते. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेपाच, त्यामुळे तारीख बरोबर दिसते. अमेरिकेतल्या भाच्याच्या स्क्रीनवर मात्र १४ जून. उलटंही होतं. आपली मध्यरात्र यूटीसीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लिहिली की आदल्या दिवशीचे १८:३० होतात, आणि त्यातली फक्त तारीख कापून घेतली की मूल एक दिवस आधी जन्मतं. चांगले जाणते लोक इथे रात्र रात्र घालवतात.

गुरुजींच्या वहीत तारखेचा रकाना निराळा, वेळेचा आणि गावाचा निराळा. वाढदिवसाला नुसती तारीख पुरते, ती कुठेही गेलात तरी तीच. पत्रिकेला मात्र तिन्ही लागतात, असं ते सांगायचे. मी तेच करतो. जन्मतारीख साध्या मजकुरासारखी साठवतो. सभेची किंवा गाडीची वेळ यूटीसीत ठेवतो आणि दाखवताना बघणाऱ्याच्या ठिकाणाची करतो. ब्राउझरला मराठीत दाखव म्हटलं की आकडेही तो देवनागरीत देतो. गुरुजींना ते फार आवडलं असतं.

शिकवल्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, लिहून दिल्याचे मला दिलेही नाहीत. हिशेब केला तर देणं माझ्याकडेच निघतं. तुमच्यापैकी कुणी शाळेचा, दवाखान्याचा फॉर्म बनवत असेल तर त्यांच्या वतीनं एवढी विनंती : जन्मतारखेला वेळ चिकटवू नका.