घारापुरीची फेरी

पेठेतल्या व्यापाऱ्याला घाट ओळखीचा असतो, समुद्र नसतो. माल बंदरातून येतो. तो स्वतः मात्र गोदामापर्यंतच जातो. म्हणूनच जानेवारीतल्या एका रविवारी पुण्याच्या भवानी पेठेतले चार शाळासोबती पाठीला पिशव्या लावून घारापुरीला निघाले, तेव्हा घरच्यांनी ते थट्टेवारी नेले. चौघेही पासष्टीच्या आसपासचे.

त्यांपैकी दोघे एकेकाळी डाळीच्या एकाच पेढीवर बसत. भागीदारी मोडून तेरा वर्षे झाली होती. पंचांसमोर हिशेब मिटला, पैशाचा वाद उरला नाही; उरला तो अबोला. संवत्सरीला दोघेही मोबाइलमधल्या साऱ्या यादीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवत. यादीत दुसऱ्याचेही नाव असे, तेव्हा क्षमा मागितली गेली असे समजायचे. वहीत नोंद आहे, पण रक्कम पोहोचलेली नाही, असाच हा प्रकार.

डेक्कन क्वीनने मुंबई, गेटवेहून लाँच, आणि तासाभरात बेट. धक्क्यावरून छोटी गाडी धावते. तिच्यात न बसता चौघे चालत निघाले. पुढे सुमारे १२० पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने. गुडघ्याचे दुखणे असलेल्या भागीदाराला डोलीवाल्यांनी हाका मारल्या. त्याने मान हलवून नकार दिला. लेण्यांपाशी एका माकडाने त्याची खाकऱ्यांची पिशवी पळवली, तेव्हा मात्र सगळेच हसले.

१९८७ पासून ही लेणी जागतिक वारसा मानली जातात. वीस फुटांच्या आसपासच्या त्रिमूर्तीसमोर लोक छायाचित्र काढून लगेच वळतात. तिथे डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते. मग मधला शांत चेहरा हळूहळू उजळतो. चौघे बराच वेळ थांबले. बाजूची भग्न शिल्पे पाहून मन खिन्न होते, ते वेगळेच.

खरी चाल त्यानंतरची. तोफांच्या टेकडीकडे जाणारी वाट साधीच, पण उन्हात दमवते. दोघे मित्र झपाझप पुढे गेले. गुडघ्यामुळे एक मागे राहिला, आणि त्याच्या दोन पावले मागे, काही न बोलता, त्याचा जुना भागीदार. पुढे जाणे त्याला सहज शक्य होते.

माथ्यावर इंग्रजांच्या काळातल्या दोन तोफा आहेत. तिथून न्हावा-शेवा बंदराचे क्रेन दिसतात. बाहेरदेशची तूर आता त्या बंदरात कंटेनरमधून उतरते. पेठेत तिची फक्त पोती दिसतात.

“ब्रह्मदेशची पहिली तूर आठवते?” गुडघेवाल्याने विचारले.

“ओली निघाली होती.”

“परत कर म्हणालास. मी ठेवून घेतली.”

“हं.”

यापलीकडे काही झाले नाही. उतरताना मात्र मागच्याने पुढे होऊन हात दिला, आणि तो धरला गेला.

साडेचारची लाँच निघाली. लाँचमागे सीगल पक्षी घिरट्या घालत होते. सूर्य कलू लागला होता आणि गुडघेवाल्याचा चौविहार. मुंबईत उतरून खायला वेळ मिळेल याचा भरवसा नव्हता. खाकरे तर माकडाने नेलेले. जुन्या भागीदाराने थेपल्यांचा डबा उघडून मध्ये ठेवला.

“वहिनींनी केलेत?”

“तिनेच. जिरे जास्त आहे, तुला आवडते तसे.”

भागीदारी मोडल्यापासून त्या घरचे अन्न त्याने घेतले नव्हते. त्याने चार थेपले खाल्ले आणि बाटलीतले उकळलेले पाणी संपवले. उतरण्याच्या गडबडीत रिकामा डबा त्याच्याच पिशवीत गेला आणि पुण्याला आला. तो आता पोहोचवायला जावे लागेल. आणि रिकामा डबा परत करण्याची पद्धत आपल्या घरांत नाही.