मुकीं भुतें

भुताखेतांच्या चित्रपटांची आवड प्राध्यापकाला शोभत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. आमच्या कपाटांत शेक्सपिअर पुढच्या रांगेंत उभा असतो तो कांहीं उगाच नव्हे! तरीहि १९२० नंतरच्या दहा वर्षांतल्या मूक भयपटांविषयीं आज दोन शब्द लिहावेसे वाटतात; आणि त्याला कारण आमची विद्वत्ता नसून आमच्या मातोश्री आहेत.

आईला गेलीं चारपांच वर्षें जवळजवळ कांहींच ऐकूं येत नाहीं. यंत्र कानांत घातलें तर भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकूं येतो, माणसें ऐकूं येत नाहींत. आरंभीं आम्ही सारे ओरडून बोलत असूं; मग ओरडण्याचा कंटाळा आला. जेवतांना कोणी विनोद करावा, सर्वांनीं हंसावें, आईनें एकेकाच्या तोंडाकडे पाहत "काय झालं रे?" म्हणून विचारावें, आणि आम्हीं हात हालवून "काही नाही" म्हणावें, असा परिपाठ पडला. टेलिव्हिजनसमोर ती बसे; पण नुसत्या हालणाऱ्या ओठांकडे माणूस किती वेळ पाहणार? थोड्या वेळानें ती वाती वळावयास घेई.

एके रात्रीं आम्ही एकटेच मुर्नौचा 'नोस्फेराटू' लावून बसलों होतों. १९२२ सालचा हा जर्मन चित्रपट ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेतां बनविलेला. स्टोकरच्या विधवेनें दावा लावला आणि १९२५ मध्यें न्यायालयानें साऱ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम दिला. कांहीं प्रती तरीहि सुटल्या. पिशाच्चाचें मरण चुकावें हें त्याच्या स्वभावाला धरूनच झालें म्हणावयाचें. आई दारांत येऊन केव्हां उभी राहिली तें आम्हांस कळलें नाहीं. पडद्यावर जहाज बंदराला लागलें होतें. कप्तान मेलेला, आणि जहाजाच्या पोटांतून उंदीर बाहेर पडत होते. पुढें त्या गांवच्या अरुंद रस्त्यानें काळ्या वेषांतलीं माणसें शवपेट्या वाहून नेतात. आई म्हणाली, "प्लेग!" उंदीर पडूं लागले कीं घरदार सोडून रानांत झोपड्या बांधून राहावयास जायचें, ही तिच्या आजीनें सांगितलेली हकीकत तिला आठवली. या चित्रपटावर आम्हीं वर्गांत तास घेतलेले आहेत. अभिव्यक्तिवाद, महायुद्धानंतरची निराशा, सारें यथासांग सांगितलेलें आहे. अंगावर कांटा मात्र त्या रात्रीं प्रथम आला.

आम्हीं उठून आवाज बंद केला. मूकपट खरे मुके कधींच नव्हते. 'नोस्फेराटू'साठीं हान्स एर्डमान यानें मुद्दाम संगीत रचलें होतें. पण आईला नाहीं तें आम्हांला कशाला, असें त्या क्षणीं वाटलें. शेवटीं काउंट ऑरलॉक जिना चढतो. तो स्वतः दिसत नाहीं; भिंतीवर त्याची छाया चढते आणि लांब बोटांचा हात दाराकडे सरकत जातो. संगीत असलें म्हणजे केव्हां भ्यावयाचें तें आपल्याला तें सांगतें. तें नसलें कीं ती छाया फारच सावकाश चढते.

दुसऱ्या दिवशीं आमच्या मुलाची लहानपणची पाटी आम्हीं माळ्यावरून काढली. मूकपटांच्या काळीं आपल्याकडेहि वाचतां येणारे प्रेक्षक पडद्यावरचा मजकूर शेजाऱ्यांस वाचून दाखवीत. तोच उद्योग आम्ही पेन्सिलीनें करूं लागलों. 'डॉक्टर कॅलिगरी'तलीं रंगविलेलीं तिरपीं घरें पाहून आईनें "गवंडी कोण होता?" एवढेंच विचारलें. किनुगासाच्या 'अ पेज ऑफ मॅडनेस' या १९२६ च्या जपानी चित्रपटांत मजकूर मुळींच नाहीं; त्यामुळें आम्हां दोघांनाहि तो सारखाच कळला नाहीं. लॉन चॅनीच्या 'फँटम ऑफ दि ऑपेरा'च्या (१९२५) वेळीं मात्र आम्हीं पाटीवर लिहिलें, "ह्या नटाचे आईवडील दोघेही बहिरे होते. तो घरीं हातांनीं आणि चेहऱ्यानें बोले." आईनें तें दोनदां वाचलें. मग म्हणाली, "त्याला कंटाळा नसेल का रे येत?" चॅनीच्या वतीनें उत्तर देण्याचा आम्हांला अधिकार नव्हता. आम्हीं पाटी पुसली.

पण शोधून पाहावा असा एकच चित्रपट विचाराल, तर आम्ही व्हिक्टर शोस्ट्रमच्या 'फँटम कॅरेज'चें नांव घेऊं. १ जानेवारी १९२१ रोजीं तो स्वीडनमध्यें प्रथम दाखविला गेला. मूळ कादंबरी सेल्मा लागरलोफ यांची. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं बाराच्या ठोक्याला जो मरेल त्यानें पुढें वर्षभर मृत्यूची गाडी हांकावयाची, अशी कल्पना. गाडी आणि घोडा आरपार दिसतात. लाटांवरून जाऊन गाडीवान बुडालेल्या माणसाला समुद्राच्या तळांतून घेऊन येतो. चित्रण झालेली फिल्म मागें गुंडाळून तिच्यावरच पुन्हा चित्रण करावयाचें, अशी ही करामत आहे. आम्ही हें सारें पाटीवर उत्साहानें लिहूं लागलों. आईनें पाटी बाजूला सारली. तिला गाडीचें कांहीं वाटलेंच नव्हतें.

डेव्हिड होल्म हा क्षयाचा रोगी, दारुडा. ही भूमिका शोस्ट्रमनें स्वतःच केली आहे. मुक्तिफौजेंतली एक तरुणी त्याला रात्रीपुरता आसरा देते आणि तो निजला असतां त्याचा फाटका कोट रात्रभर बसून शिवते. त्या कोटापायींच तिला क्षय जडतो. सकाळीं तो कोट पाहतो, हंसतो, आणि तिच्यादेखत ठिगळें ओढून काढतो. "अरे मेल्या!" आईच्या तोंडून निघालें, आणि तिनें पदर तोंडाला लावला. पुढें हाच इसम बायकोनें लावून घेतलेलें दार कुऱ्हाडीनें फोडतो. जाणकार त्या दृश्याची वाखाणणी करतात. आई त्या वेळीं शांत होती. "दार फोडणारे पुष्कळ असतात," ती म्हणाली. "तिनं रात्रभर जागून शिवलं होतं रे."

आम्ही पेन्सिल हातांत घेऊन तसेच बसून राहिलों. चित्रपट संपल्यावर आईनें पाटी घेतली, ओल्या फडक्यानें दोन्ही बाजू स्वच्छ पुसल्या आणि आमच्यापुढें ठेवली.

"परवा जेवताना सगळे कशाला हसत होतात, ते लिही."

तो विनोद आठवावयासच वेळ लागला. लिहूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं तो फारसा चांगलाहि नव्हता, आणि एका बाजूवर मावतहि नव्हता. आईनें पाटी उलटी करून दिली.